शांता आपटे : पडद्यावर आणि फाटकापाशी

चित्रपटाचा इतिहास सांगताना आपण बहुधा बोलपटांची, दिग्दर्शकांची आणि गाण्यांची नावे सांगतो. कोणता बोलपट किती आठवडे चालला, कोणाची चाल लोकांच्या ओठी बसली, कोणत्या नटीच्या पातळाची तऱ्हा मुलींनी उचलली, हे आपणांस ठाऊक असते. परंतु त्या नटीला पगार कोणत्या अटींवर मिळत होता, ती आजारी पडली तर काय होत होते, आणि मालकाशी तिचे पटले नाही तर तिने दाद कोणाकडे मागावयाची, हा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. श्रोतेहो, आज ज्या अभिनेत्रीविषयी मी चार शब्द बोलणार आहे, तिने हा दुसरा इतिहास स्वतःच्या आयुष्यात अनुभवला आणि ऐन तारुण्यात त्याविषयी पुस्तकही लिहून ठेवले. तिचे नाव शांता आपटे.

जुन्या बोलपटांची आवड असणाऱ्या माणसापुढे हे नाव उच्चारले की त्यास तत्काळ ‘कुंकू’ आठवतो. १९३७ सालच्या त्या बोलपटातील मानी, हट्टी, अन्यायापुढे मान न तुकविणारी नीरा म्हणजेच शांता आपटे, असे समीकरण लोकांच्या मनात बसले आहे. ते काही खोटे नाही. पण नीरेची गोष्ट लेखकाने लिहिली होती, तिचा शेवट दिग्दर्शकाने ठरविला होता. दोनच वर्षांनी शांताबाईंनी स्वतःच्या नावाने जो झगडा केला, त्याचा शेवट कोणीही ठरवून ठेवलेला नव्हता. म्हणून तो झगडा मला नीरेच्या झगड्याहून अधिक मोलाचा वाटतो.

त्याचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांस स्त्री मिळाली नाही. साळुंके नावाच्या तरुणाने ती भूमिका केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची अल्पवयीन कन्या कमला या दोघी मायलेकी पडद्यावर आल्या. ही कन्या पुढे कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमीवर प्रसिद्ध झाली. परंतु त्यांच्या मागोमाग मराठी घरांतील मुलींची रीघ लागली, असे मुळीच झाले नाही. मूकपटांच्या काळात पडद्यावर नाव मिळविणाऱ्या पुष्कळशा स्त्रिया अँग्लो-इंडियन किंवा यहुदी घराण्यांतील होत्या. सुलोचना या नावाने गाजलेल्या रुबी मायर्स हे त्यांतील ठळक उदाहरण. इतर कित्येकजणी गाणेबजावणे हाच ज्यांचा वंशपरंपरेचा व्यवसाय अशा कुटुंबांतून येत. पांढरपेशा समाज चित्रपट आवडीने पाही. आपल्या घरातील मुलीने मात्र त्या दिशेला फिरकू नये, असा त्याचा दंडक होता.

१९३१ साली ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि चित्र बोलू लागले. आता केवळ देखणा चेहरा पुरेसा होईना. भाषा शुद्ध हवी, उच्चार स्वच्छ हवेत आणि गळ्यात गाणे हवे. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. या पहिल्या मराठी बोलपटात तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. मुंबईच्या प्रतिष्ठित लाड घराण्यातील त्या लेक. त्यांच्या येण्याने दंडकाच्या भिंतीला पहिली मोठी फट पडली. आणि त्याच १९३२ साली भालजी पेंढारकरांनी ‘श्यामसुंदर’ काढला. त्यात शाहू मोडक हे कृष्ण झाले आणि राधेच्या भूमिकेत एक अगदी कोवळी मुलगी प्रथमच लोकांपुढे आली. तीच शांता आपटे.

शांताबाईंचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनी या गावचा. हे गाव कर्नाटकाच्या अगदी वेशीवर आहे. गाण्याचे पहिले पाठ त्यांनी पंढरपुरास घेतले. घरात गाण्याची आवड होती आणि वडील बंधू बाबूराव यांचा बहिणीच्या गुणांवर विश्वास होता. पुण्यात गणेशोत्सवात या लहानग्या मुलीची गाणी होऊ लागली आणि तेथून ती बोलपटाच्या दारापर्यंत पोहोचली. ‘श्यामसुंदर’ मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. त्या दिवसांत ही गोष्ट नवलाचीच होती.

पुढे शांताबाई प्रभातमध्ये आल्या. प्रभातविषयी दोन शब्द सांगणे येथे अवश्य आहे. कारण ज्या संस्थेशी पुढे त्यांचे भांडण झाले, ती संस्था सामान्य नव्हती. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी ती स्थापन केली. १९३३ साली ती पुण्यास आली. तेथे तिने विस्तीर्ण चित्रमंदिर उभारले. फिल्म धुण्याची प्रयोगशाळा तिची स्वतःची होती. सुतार, चित्रकार, शिंपी, यंत्रज्ञ, वादक, नट असा सगळा परिवार एकाच आवारात नांदत होता. सर्वांस महिन्याचा पगार होता. तुतारी वाजविणाऱ्या स्त्रीचे तिचे बोधचिन्ह पडद्यावर दिसले की प्रेक्षक निश्चिंत होत. आता काही चांगले पाहावयास मिळणार, अशी त्यांची खात्री असे. ‘संत तुकाराम’ याच संस्थेने १९३६ साली दिला.

या व्यवस्थेचा गुण उघड होता. नाटक कंपनीच्या बिऱ्हाडासारखी येथे आज दिवाळी, उद्या शिमगा अशी स्थिती नव्हती. शिस्त होती आणि कामाला वळण होते. पण तिची दुसरी बाजूही होती. करारावर एकदा सही केली की नटाने दुसऱ्या कंपनीत पाऊल टाकावयाचे नाही. कोणती भूमिका करावयाची, केव्हा करावयाची आणि केव्हा रिकामे बसावयाचे, हे कंपनी ठरविणार. संस्था हे एक कुटुंब आहे, असे मालक मोठ्या अभिमानाने म्हणत. कुटुंबात प्रेम असते हे खरे. परंतु कुटुंबात हिशेब मागणाऱ्यास आपण उद्धट म्हणतो, हेही तितकेच खरे.

१९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये शांताबाईंचे गुण प्रथम पूर्णपणे प्रकट झाले. चंद्रमोहन यांचा राजगुरू, त्यांचे ते पडदाभर पसरलेले डोळे, यांची आठवण आजही निघते. त्याच बोलपटात शांताबाईंनी नायकाच्या बहिणीची भूमिका केली आणि केशवराव भोळे यांच्या चाली त्यांनी गायिल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी प्रभातमध्ये आजच्याप्रमाणे दुसऱ्याच्या गळ्यातील गाणे नटीच्या ओठांवर बसवीत नसत. नटीनेच गावयाचे, आणि तेही चित्रण चालू असताना. ध्वनिग्राहक यंत्राची मर्यादा आणि रंगभूमीची सवय यांमुळे बहुतेक गायक-नट गाणे सुरू झाले की खांबासारखे उभे राहत. अभिनय थांबे आणि बैठक सुरू होई. शांताबाईंनी हे बदलले. गाताना त्यांचे डोळे बोलत, हात हलत, मान वळे. मनातील भाव गाण्याबरोबर चेहऱ्यावरून वाहत जाई. गाणे हा संवादाचाच पुढचा भाग आहे, हे त्यांनी पडद्यावर सिद्ध करून दाखविले.

यात कष्ट किती होते, याची कल्पना करा. ‘अमृतमंथन’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला. म्हणजे तेच दृश्य दोनदा, तेच गाणे दोनदा, तोच भाव पुन्हा नव्याने चेहऱ्यावर आणावयाचा. प्रखर दिव्यांच्या उष्णतेत आणि वारा बंद ठेवलेल्या दालनात हे चाले. कारण पंख्याचा आवाजही यंत्र टिपून घेई. प्रेक्षकास तीन मिनिटांचे गाणे दिसते. त्यामागील दिवस त्यास दिसत नाहीत.

१९३६ साली ‘अमरज्योती’ आला. त्यात दुर्गाबाई खोटे यांनी पुरुषी सत्तेविरुद्ध बंड करून उठलेल्या सागरी चाचिणीची, सौदामिनीची, भूमिका केली, आणि शांताबाई राजकन्या नंदिनी झाल्या. त्यानंतर १९३७ मध्ये ‘कुंकू’, म्हणजेच हिंदीतील ‘दुनिया न माने’.

‘कुंकू’ची कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली आहे. नीरा ही अनाथ मुलगी. तिचा मामा पैशाच्या लोभाने तिला फसवून एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. विवाह झाला तो झाला. पण मी या माणसाची पत्नी होणार नाही, असा नीरेचा निर्धार असतो. ती पळून जात नाही, विहीर जवळ करीत नाही, रडत कोपऱ्यातही बसत नाही. ती त्याच घरात राहते आणि नकार देते. घरातील म्हातारी सासुरवाशिणीचा धर्म सांगते, तिलाही ती जुमानत नाही. वयाने मोठा सावत्र मुलगा लगट करू लागतो, तेव्हा ती हाती छडी घेऊन त्यास झोडपून काढते. समाजकार्य करणारी सावत्र मुलगी मात्र तिची बाजू समजून घेते. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती. केशवराव दात्यांनी उभा केलेला वृद्ध काकासाहेब हाही राक्षस नाही. त्यास आपली चूक हळूहळू उमगते आणि अखेर तो स्वतःचे जीवन संपवून तिला मोकळी करतो.

या बोलपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घड्याळाचे ठोके, रस्त्यावरचे आवाज, घरातील भांड्यांचा नाद यांवरच दिग्दर्शक शांताराम आणि संगीतकार भोळे यांनी काम भागविले. गाण्याला साथ हवी तेथे ग्रामोफोन आणला. अशा उघड्या शांततेत नटीला आडोसा कोणताच नसतो. तिचा आवाज आणि तिचा चेहरा यांनाच सर्व भार उचलावा लागतो. शांताबाईंनी तो उचलला. देशातील असंख्य तरुण मुलींना जे मनात वाटत होते परंतु तोंडाने बोलता येत नव्हते, ते पडद्यावरच्या नीरेने बोलून दाखविले. विजोड विवाहावर ‘संगीत शारदा’ने पूर्वीच आघात केला होता. पण शारदेची सुटका इतरांनी केली होती. नीरा स्वतःच उभी राहिली होती.

१९३८ साली ‘गोपालकृष्ण’ आला. त्यात बाल कृष्ण राम मराठे यांनी साकारला आणि शांताबाई पुन्हा राधा झाल्या. त्यानंतर मात्र त्या प्रभातच्या एकाही बोलपटात दिसल्या नाहीत.

१९३९ हे वर्ष भारतीय चित्रपटव्यवसायाच्या दृष्टीने उत्सवाचे होते. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाला पंचवीस वर्षे झाली म्हणून मुंबईत रौप्यमहोत्सव साजरा करण्यात आला. भाषणे झाली, प्रगतीचे गोडवे गायिले गेले. आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात पुण्याहून बातमी आली की, पगार आणि कराराच्या अटी यांवरून मालकांशी वितुष्ट आल्यामुळे अभिनेत्री शांता आपटे यांनी प्रभातच्या फाटकापाशी उपोषण आरंभिले आहे.

उपोषण हे शस्त्र त्या काळी सर्वांच्या परिचयाचे होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात महात्माजींनी राजकोट येथे उपोषण केले होते. पण राजकारणातील हे शस्त्र एका तरुण नटीने आपल्या पगाराच्या आणि कराराच्या प्रश्नासाठी हाती घ्यावे, ही कल्पनाच लोकांस विलक्षण वाटली. काहींनी त्याची चेष्टा केली. हा प्रसिद्धीचा नवा प्रकार आहे, असे म्हणणारेही निघाले. नटीला कसला आला आहे अन्याय, तिला तर इतरांहून कितीतरी अधिक पगार मिळतो, हा आक्षेप तर अशा वेळी ठरलेलाच असतो.

या आक्षेपाचा थोडा विचार करू. कराराचा भंग हा पगाराच्या आकड्यावरून ठरत नाही. शंभर रुपयांच्या नोकराचे दहा रुपये कापणे अन्याय असेल, तर हजार रुपयांच्या नोकराचे शंभर कापणे हा न्याय कसा होईल? शिवाय मोठ्या नटीलाच जर दाद मागण्यासाठी फाटकापाशी उपाशी बसावे लागते, तर त्याच आवारात पडदे रंगविणाऱ्या, दिवे उचलणाऱ्या, घोळक्यात उभे राहणाऱ्या माणसाची काय कथा? १९३६ साली वेतन देण्यासंबंधी कायदा झाला होता. पण तो प्रथम कारखाने आणि रेल्वे यांपुरताच होता. नटीचा त्यात विचार नव्हता. कामगार म्हणून तिची गणना होत नव्हती, आणि मालकांच्या पंक्तीला तर ती नव्हतीच. अशा अधांतरी अवस्थेतील माणसापाशी स्वतःच्या देहावाचून दुसरे शस्त्र ते कोणते?

मालकांची बाजूही ऐकावयास हवी. एका आवारात शेकडो माणसे काम करीत असता एका नटीने काम थांबविले, तर सर्वांचे काम थांबते. शिस्त गेली तर संस्था जाते. हे म्हणणे निराधार नव्हते. पण या मालकांविषयी एक गोष्ट विसरता येत नाही. शांताराम, दामले आणि फत्तेलाल हे जन्माने धनिक नव्हते. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी स्वतः पगारावर उमेदवारी केली होती. पगारी कलावंताचे सुखदुःख त्यांस पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. आणि बोलपट काढताना त्यांनी दाखविलेली दृष्टी तर फारच उदार होती. ‘अमरज्योती’ आणि ‘कुंकू’ त्यांनीच काढले. अन्याय सोसू नये, हे ज्या आवारात चित्रित झाले, त्याच आवाराच्या फाटकापाशी ती शिकवण घेऊन एक मुलगी बसली, तेव्हा तिच्याकडे काय पाहावे हे त्यांस कळेना. माणसे वाईट नसतानाही व्यवस्था अन्याय करू शकते, हा इतिहासाचा धडा येथे स्पष्ट दिसतो.

उपोषण सुटले आणि शांताबाई प्रभातपासून वेगळ्या झाल्या. एवढ्यावर ही हकीकत संपली असती, तर ती एका मानी नटीच्या रागाची गोष्ट ठरली असती. परंतु पुढच्याच वर्षी, १९४० साली, त्यांनी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘जाऊ मी सिनेमांत?’ असे होते. बोलपटात जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या तरुण-तरुणींना उद्देशून ते लिहिलेले आहे. त्या काळी नटीची मुलाखत छापावयाची ती तिला कोणता रंग आवडतो, कोणते फूल आवडते, हे सांगण्यासाठी. येथे एक नटी भांडवल, वितरक, चित्रगृहांचे मालक, निर्माते आणि राबणारी माणसे यांची साखळी समजावून सांगत होती. कोण कोणावर अवलंबून आहे आणि शेवटी ओझे कोणाच्या पाठीवर पडते, हे लिहीत होती. आपल्या अनुभवाला तिने केवळ गाऱ्हाण्याचे रूप दिले नाही. सबंध व्यवसायाची चिकित्सा केली. भारतीय चित्रपटाविषयी आतल्या माणसाने, तेही एका स्त्रीने, इतक्या लवकर इतके स्पष्ट लिहिल्याचे उदाहरण दुर्मीळ आहे. विद्वानांनी अलीकडे त्या पुस्तकाची नव्याने दखल घेतली आहे. आपल्या मराठी घरांत मात्र ते बव्हंशी विस्मृतीतच राहिले.

प्रभात सोडल्यावर शांताबाई थेट मद्रासकडच्या बोलपटात गेल्या. १९४१ च्या तामिळ ‘सावित्री’मध्ये त्यांनी सावित्रीची भूमिका केली आणि त्याच बोलपटात विख्यात गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद झाल्या होत्या. परप्रांताची भाषा शिकून तीत भूमिका करणे हे त्यांच्या जिद्दीचे आणखी एक गमक होय. पुढे देवकी बोस यांचा ‘अपना घर’, नंतर ‘जमीनदार’, ‘दुहाई’, ‘वाल्मीकी’ असे अनेक बोलपट त्यांनी केले. १९४८ साली मराठीत ‘भाग्यरेखा’ आला आणि १९४९ मध्ये ‘स्वयंसिद्धा’ या हिंदी बोलपटाने त्यांस पुन्हा यश दिले.

परंतु काळ बदलत होता. स्टुडिओंच्या मासिक पगाराची पद्धत मोडत चालली होती आणि पार्श्वगायन रूढ झाले होते. ज्या १९४९ साली ‘स्वयंसिद्धा’ आला, त्याच वर्षी ‘महल’मधून लता मंगेशकरांचा आवाज घरोघर पोहोचला. गाणारी वेगळी आणि दिसणारी वेगळी, अशी कामाची वाटणी झाली. गळा आणि अभिनय ही ज्यांची जोडसंपत्ती होती, त्या पिढीच्या नटींचे निम्मे भांडवल एकाएकी कालबाह्य झाले. शांताबाईंच्या वाट्याला पुढे लहानसहान आणि पौराणिक बोलपट आले. १९५७ चा ‘चंडीपूजा’, १९५८ चा ‘रामभक्त विभीषण’ ही त्यांतील अखेरची काही नावे. दीर्घ आजारानंतर २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत अंधेरी येथे त्यांचे निधन झाले.

त्यापूर्वीच, १९५३ साली, प्रभात बंद पडली होती. तिचे ते आवार शासनाने घेतले आणि १९६० साली तेथे चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. ज्या आवाराच्या फाटकापाशी शांताबाई उपाशी बसल्या, त्याच आवारात पुढे अनेक पिढ्या चित्रकला आणि अभिनय शिकल्या.

मग त्या उपोषणातून निष्पन्न काय झाले, असे कोणी विचारील. कायदा बदलला नाही. इतर नटी संघटित झाल्या नाहीत. ‘कुंकू’सारखी दुसरी भूमिकाही शांताबाईंना मिळाली नाही. प्रभातबरोबर राहिल्या असत्या तर कदाचित मिळाली असती. हिशेबाच्या वहीत हा व्यवहार तोट्याचाच दिसतो. पण ज्यांनी भांडण केले नाही, त्यांचा हिशेब तरी फायद्याचा झाला काय? हुबळीकडच्या शांता हुबळीकर यांनी १९३९ साली प्रभातच्या ‘माणूस’मध्ये अजरामर भूमिका केली. त्यांस उतारवयात वृद्धाश्रमाचा आश्रय घ्यावा लागला. हंसा वाडकर यांनी १९७० च्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात जे सांगितले, ते वाचताना टाळ्या आणि दिवे यांच्या मागे केवढे एकाकीपण असते, हे कळून मन सुन्न होते. म्हणजे प्रश्न एका नटीच्या तापट स्वभावाचा नव्हता. पडद्यावर जिची आपण पूजा करतो, तिला काम करणारी व्यक्ती म्हणून काही हक्क आहेत किंवा नाहीत, हा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर फार सावकाश आले, आणि तेही अर्धवट. १९८१ साली संसदेने चित्रपट-कामगारांसाठी कायदा केला आणि लेखी कराराविना त्यांस कामावर लावू नये, असा नियम घातला. उपोषणानंतर बेचाळीस वर्षांनी हे घडले. त्यानंतरही, २०२४ साली केरळातील मल्याळी चित्रपटव्यवसायासंबंधी न्यायमूर्ती हेमा यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात स्त्रियांच्या छळाबरोबरच लेखी करारांचा अभाव, स्वच्छतागृहांची आणि कपडे बदलण्याच्या जागेची वाण यांचीही नोंद होती. १९४० साली छापलेल्या त्या पुस्तकाच्या शीर्षकातील प्रश्नचिन्ह अद्याप पुसले गेलेले नाही.

श्रोतेहो, आजही घराघरांतून मुली विचारतात, ‘मी सिनेमात जाऊ का?’ आता पडदा लहान झाला आहे, पुष्कळदा तो हातात मावतो. पण प्रश्न तोच आहे. आई-वडील आणि आम्ही शिक्षक या प्रश्नाला साधारणपणे दोन प्रकारे उत्तर देतो. एकजण अब्रूची भीती घालतो, दुसरा कीर्तीची भुरळ घालतो. दोघेही तिला काम करणारी व्यक्ती समजत नाहीत. शांता आपटे यांच्या आयुष्याने तिसरा मार्ग दाखविला आहे. मुलीच्या अंगी गुण असतील तर तिने अवश्य जावे. पण जाताना कागद नीट वाचावा, अटी विचाराव्यात, आपल्या श्रमाचे मोल मागताना संकोच करू नये, आणि तिने मोल मागितले म्हणून घरच्यांनी तिला उद्धट ठरवू नये. नीरेच्या नकाराला आपण अंधारात बसून टाळ्या वाजविल्या. फाटकापाशी बसलेल्या शांताबाईंच्या वाट्याला त्या टाळ्या आल्या नाहीत. ते ऋण फेडावयाचे असेल, तर पुढच्या मुलीच्या कराराकडे तरी आपण डोळसपणे पाहिले पाहिजे.